पांढऱ्या केसांची ड्युटी

दसरा झाला की आमच्याकडची गावं रिकामी व्हायला लागतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पत्रे, भांडी, घागरी, ज्वारीची पोती, एखादी शेळी आणि या सगळ्यावर माणसं, अशी बिऱ्हाडं ऊसतोडीला निघतात. कोणी सांगली-कोल्हापूरकडं, कोणी थेट कर्नाटकात. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे होळी-पाडव्यापर्यंत, गावात उरतात ती म्हातारी माणसं आणि शाळेतली लेकरं. आम्ही अंबाजोगाईत राहणारे स्वतःला शहरातले म्हणवतो, पण आमचं तरी वेगळं काय? आमची पोरं दसऱ्याचीही वाट बघत नाहीत. दहावी झाली की लातूरला, तिथून पुण्याला, आणि मग पुण्याचीच होऊन जातात. संध्याकाळी आमच्या गल्लीतून चक्कर मारली तर भल्या मोठ्या घरांमध्ये दोन-दोन माणसं टीव्हीसमोर बसलेली दिसतात. काही घरांत एकच.

त्यामुळं ‘ज्येष्ठांनी फावला वेळ समाजकार्यात घालवावा’ असला लेख कुठं वाचला की मला गंमत वाटते. जणू काही समाजकार्य तरुण मंडळी धडाक्यात करतायत आणि आम्ही आपलं कडेला बसून जमेल तेवढा हातभार लावायचा. एकदा बीड जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी येऊन बघा. वाचनालयाचं कुलूप कोण उघडतं, स्मशानात लाकडं आलीत का हे कोण विचारून येतं, रक्तदान शिबिरात रजिस्टर घेऊन कोण बसतं, शेगावची पालखी परळीहून निघाली की पाण्याच्या टाक्या कोण भरून घेतं. सगळी केस पिकलेली माणसं. यात मोठेपणा कसला? दुसरे हात गावात नाहीत, एवढंच.

तसं हे आमच्या गावाला नवीन नाही. जुनी माणसं अजूनही बोलताबोलता अंबाजोगाईला मोमीनाबाद म्हणून जातात. निजामाच्या राज्यात हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थ इथल्या योगेश्वरी शाळेत शिकवत होते. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं तेव्हा विशी-पंचविशीत असलेली त्या लढ्यातली पोरं मी नोकरीला लागेपर्यंत साठीची झाली होती. खादीचं धोतर, टोपी, हातात छत्री. शाळेची कमिटी असो, वाचनालय असो की पाण्यासाठीचा मोर्चा, ही मंडळी पहिल्या रांगेत. त्यांच्याबद्दल आदर आहेच. पण खरं सांगू का, मला माझ्या बरोबरीची आत्ताची माणसं जास्त आवडतात. ते पुढारी होते. चार माणसं जमली की त्यांची सभा व्हायची. आमच्यात एक निवृत्त कंडक्टर आहेत, एक कंपाउंडर, एक पोस्टमन, दोन सिस्टर, एक लाइनमन, एक तलाठी आणि आम्ही काही मास्तर-मास्तरणी. मास्तर लोकांना भाषणाची खोड असते, पण बाकीचे बोलू देत नाहीत.

आमच्या गटाला नाव नाही. मुद्दामच ठेवलेलं नाही. नाव ठेवलं की अध्यक्ष लागतो, अध्यक्ष झाला की फलक लागतो आणि फलक लागला की उद्घाटनाला कोणाला बोलवायचं यावरून दोन तट पडतात. रीतसर नोंदणी झालेले ज्येष्ठ नागरिक संघ महाराष्ट्रभर आहेत, फेस्कॉमसारखा त्यांचा महासंघ आहे, आणि त्यांची गरजही आहे. एसटीची सवलत असो, आईवडिलांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा असो, सरकारदरबारी पाठपुरावा करायला संघटनाच लागते. माझी कुरकुर फक्त शालीबद्दल आहे. १ ऑक्टोबरला, जागतिक ज्येष्ठ नागरिक दिनी, ऑक्टोबरच्या उन्हात मंडपाखाली घामाघूम झालेल्या म्हाताऱ्यांच्या अंगावर लोकरी शाल पांघरायची हे कोणी सुरू केलं असेल? माझ्या कपाटातल्या शाली मी हळूहळू दवाखान्यात नेऊन दिल्या. थंडीत पेशंटच्या नातेवाइकांना अंथरायला-पांघरायला त्या फार उपयोगी पडल्या, म्हणजे सत्कार अगदीच वाया गेले असं नाही.

दवाखाना हे आमचं मुख्य काम. स्वामी रामानंद तीर्थांच्याच नावाचं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय इथं आहे. त्यामुळं केज, धारूर, परळी तर झालंच, पलीकडून रेणापूर, कळंब, गंगाखेडचेही पेशंट येतात. केसपेपरच्या खिडकीजवळ परवानगीनं मांडलेलं एक टेबल आणि तीन खुर्च्या. सकाळी दोघं-तिघं तिथं बसतात आणि सांगतात. एवढंच काम, सांगायचं. कोणत्या खोलीत जायचं, कोणता कागद लागेल, रक्ताचा रिपोर्ट कधी मिळेल, पिण्याचं पाणी कुठं, बाथरूम कुठं. शेकडो माणसं तपासायची असताना डॉक्टर-सिस्टरांनी हे कधी सांगायचं? आणि विचारणारा माणूसही डॉक्टरला विचारायला बिचकतो, आम्हाला विचारतो. ‘ओ बाई, ह्ये सोनोग्राफी म्हंजी कापाकापी असती का?’ हा प्रश्न पांढऱ्या केसांच्या बाईलाच विचारता येतो.

२०२२ पासून एसटीत पंचाहत्तरीच्या पुढच्यांना तिकीट नाही, ६५ ते ७५ ला निम्मं. पुढच्या वर्षी बायकांनाही अर्धं तिकीट झालं. चांगलंच झालं. पण तिकीट सुटल्यावर म्हातारी माणसं दवाखान्यात एकटी यायला लागली, हे आम्हाला टेबलामागून दिसलं. पूर्वी लेक नाहीतर पुतण्या सोबत असायचा. आता लेक उसात किंवा पुण्यात आणि गाडी फुकट, मग निघतात एकटीच. येईपर्यंत ठीक असतं. इथं आल्यावर एका रांगेत नंबर धरावा तर दुसरीकडं नाव पुकारतात, औषधाच्या खिडकीवर जावं तर पिशवी सांभाळायला कोणी नाही, आणि डॉक्टरांनी सांगितलेलं दोन वाक्यांपलीकडं लक्षात राहत नाही. अशांच्या सोबत जाऊन उभं राहणं हे आमचं न ठरवता वाढलेलं काम. डॉक्टर काय म्हणाले ते आम्ही केसपेपरच्या पाठीवर मोठ्या अक्षरात लिहून देतो. वाचता येत नसेल त्याला गोळीच्या पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढून. ही सूर्य-चंद्राची युक्ती सिस्टरांची.

या सगळ्यात मला सर्वांत हुशार वाटतात ते कंडक्टर. आलेल्या माणसाला ते आजार विचारतच नाहीत. पहिला प्रश्न, ‘गाव कोणतं?’ त्या गावाची शेवटची गाडी किती वाजता सुटते हे त्यांना पाठ आहे. ज्याची गाडी लवकर, त्याचे कागद ते आधी मार्गी लावतात. एक्स-रेच्या रांगेत पुढच्याला विनवतात, ‘दादा, तुमी गावातलेच, ह्यांची गाडी तीनची हाय, जाऊ द्या की.’ एकदा मी म्हटलं, अहो, आधी त्रास काय होतोय ते तरी विचारा. म्हणाले, ‘आजाराचं डॉक्टर बघतेत बाई, मला गाडीचं बघू द्या.’ गाडी चुकलेला म्हातारा रात्री स्टँडवर पडतो आणि दुसऱ्या दिवशी न्युमोनिया घेऊन परत येतो, हे त्यांनी नोकरीत पाहिलेलं.

मोठ्या हुद्द्यावरून उतरलेल्या माणसांचं मात्र जरा अवघड जातं. एक साहेब आले होते, उत्साहानं. पहिल्याच दिवशी त्यांनी आमच्या रजिस्टरात रकाने आखले, दुसऱ्या दिवशी आम्हाला वेळापत्रक वाटलं आणि तिसऱ्या दिवशी विचारलं की चहा कोण आणतं. ज्याला तलफ येते तो आणतो, असं उत्तर मिळाल्यावर ते थोडे नाराज झाले. पण टिकले. आता चहा बहुतेक तेच आणतात, आणि त्यांच्या रकान्यांमुळं कोणत्या गावाहून किती माणसं एकटी येतात हे आम्हाला कळायला लागलं, हेही कबूल केलं पाहिजे.

कागदांचं प्रकरण वेगळंच आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ऑपरेशन बसवायचं तर रेशन कार्ड आणि आधार दोन्ही लागतं, आणि दोन्हीवरचं नाव एकसारखं असावं लागतं. एकावर नावापुढं ‘बाई’ लावलेलं, दुसऱ्यावर नुसतंच नाव. एकावर माहेरचं आडनाव. जन्मतारीख तर आमच्या पिढीत जवळपास सगळ्यांची १ जून. ही आम्हा मास्तर लोकांची कृपा. शाळेत नाव घालायला आलेल्या बापाला तारीख विचारली की तो म्हणायचा, पोळ्याच्या आसपास झालंय, लावा तुमच्या हिशोबानं. आमच्या हिशोबानं सगळा महाराष्ट्र १ जूनला जन्मला. शाळेत न गेलेल्यांची १ जानेवारी, ती आधारवाल्यांच्या हिशोबानं. या सगळ्या गुंत्यातून कोणता दाखला कुठून आणला की काम होईल, हे तलाठी आप्पांना तोंडपाठ आहे. चाळीस वर्षं याच कागदांत काढलेला माणूस. ते फक्त सांगत नाहीत, चिठ्ठीवर क्रमानं लिहून देतात, आणि खाली स्वतःचा मोबाइल नंबर.

आणि अंगठा. निराधारचे, श्रावणबाळचे पैसे आता आधार जोडलेल्या खात्यात येतात, रेशनला अंगठा, बँकेत अंगठा. जन्मभर खुरपलेल्या, कापूस वेचलेल्या, ७२ च्या दुष्काळात खडी फोडलेल्या बोटांच्या रेषा झिजून गेलेल्या असतात. मशीन लाल दिवा दाखवतं. यावर आमचे पोस्टमन म्हणजे तज्ज्ञ. ते आधी माणसाला सावलीत बसवतात. कोमट पाण्यानं हात धुवायला लावतात, रुमालानं कोरडे करतात, मग डबीतून खोबरेल तेलाचं बोट घेऊन त्या बोटांच्या पेरांवर हलकं चोळतात, पुन्हा पुसतात. अंगठा सोडून अनामिकेपासून सुरुवात करतात, कारण त्या बोटानं काम सगळ्यांत कमी केलेलं असतं. बोट दाबायचं नाही, नुसतं टेकवायचं. नाहीच जमलं तर डोळे किंवा चेहरा दाखवून काम होतं का ते बघायचं. एका आजीच्या दहाही बोटांवर ही आराधना चालली होती. आजी बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, ‘सावकाराच्या कागदावर तर एका दमात उठायचा रं ह्योच अंगठा.’ पोस्टमनसकट सगळे हसले. शेवटी डाव्या हाताची करंगळी उठली.

नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांच्या हयातीच्या दाखल्याला हीच गर्दी बँकेत. तिथं आमचे दोघं मोबाइल घेऊन बसतात. जीवन प्रमाणचा दाखला आता चेहरा दाखवूनही निघतो. स्वतः जिवंत असल्याचा पुरावा द्यायला आलेल्यांना डोळे मिचकवा, मान हलवू नका, असं सांगताना आमच्या लोकांना भारी मजा येते.

आता जे सांगणार आहे ते फक्त म्हाताऱ्यांनाच जमतं असं माझं ठाम मत आहे. नेत्रदान. नेत्रदानाचा फॉर्म भरणं सोपं असतं. १० जूनला, नेत्रतज्ज्ञ डॉ. भालचंद्रांच्या स्मृतिदिनी, दृष्टिदान दिनाच्या कार्यक्रमात पुष्कळ जण भरतात. अडतं ते मृत्यूच्या दिवशी. डोळे मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत घ्यावे लागतात, आणि फॉर्म भरलेला असला तरी त्या वेळी घरच्यांचा होकार लागतो. फॉर्म नसला तरी घरच्यांनी हो म्हटलं की चालतं. म्हणजे घरात रडारड चालू असताना, लेकी अजून गाडीत असताना, कोणीतरी जाऊन हे विचारायचं. तिशीतला कार्यकर्ता गेला तर त्याला दारातूनच परत पाठवतील, आणि त्यात काही चुकीचं नाही. आमचे कंपाउंडर काका जातात. मयतीच्या घरी म्हाताऱ्या माणसाला कोणी का आलात विचारत नाही.

मी त्यांच्याबरोबर काही वेळा गेलेय. ते आधी नुसते बसतात. कधी गेल्या, कशानं गेल्या, शेवटचं काय खाल्लं, ही विचारपूस होते. ती विचारपूस खरीच असते, कारण गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनी कधीतरी इंजेक्शन दिलेलं असतं. बोलताबोलता उठून पंखा बंद करतात, पापण्या नीट मिटल्यात का बघतात, ओला कापूस मागून डोळ्यांवर ठेवतात, डोक्याखाली उशी सरकवतात. हे केलं नाही तर बुबुळ सुकतं आणि नंतर होकार मिळूनही उपयोग नसतो. मग घरातल्या कर्त्याला बाजूला घेऊन एकदाच विचारतात. लोकांच्या शंका ठरलेल्या. चेहरा विद्रूप होईल का? होत नाही, कॉर्निया म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा घेतात, वीसेक मिनिटांचं काम. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, चालेल का? चालतं, चष्मा असला तरी चालतं, वयाची अट नाही. पुढच्या जन्मी आंधळी येईल का? याला काका उत्तर देत नाहीत. हो म्हणाले तर नेत्रपेढीला फोन. नाही म्हणाले तर एक शब्द जास्त न बोलता बांबू-सुतळीच्या तयारीला लागतात आणि अंत्यविधी होईपर्यंत थांबतात. नकार दिलेल्या घरांनीच पुढच्या मयतीला काकांना आपण होऊन फोन केलाय, असंही घडलंय. हे थांबणं कुठल्या प्रशिक्षणात शिकवता येईल असं मला वाटत नाही.

लाइनमन काकांची गोष्ट छोटी आहे. ते वर्षानुवर्षं नेमानं रक्त द्यायचे. पासष्टी उलटल्यावर शिबिरात डॉक्टरांनी नम्रपणे नाही सांगितलं. रक्तदानाचं वय १८ ते ६५. काका दोन महिने कोणाशी धड बोलले नाहीत. आता ते शिबिराच्या आधी आठवडाभर कॉलेजात, गॅरेजात, हॉटेलात फिरून पोरं गोळा करतात, आणि सुई बघून पांढऱ्या पडलेल्या पोराचा हात धरून बसतात.

आम्हा बायकांचं गणित निराळं असतं. पुरुष निवृत्त झाला की निवृत्त होतो. मी अठ्ठावन्नाव्या वर्षी शाळेतून निवृत्त झाले तेव्हा घरात सगळ्यांनी गृहीत धरलं की आता मी पूर्णवेळ घरी, म्हणजे पूर्णवेळ स्वयंपाकघरात. दवाखान्यात जाते म्हटल्यावर यजमानांनी काळजीनं विचारलं, ‘मग अकराचं जेवण?’ आमच्या गटातल्या प्रत्येक बाईला हा अकराचा प्रश्न कोणत्या ना कोणत्या रूपात आलेला आहे. गुडघ्यांचं काय ते बघता येतं, पट्टा बांधून बसता येतं; अकराच्या जेवणाला पट्टा नाही. एका सिस्टरनी तोडगा काढला तो असा की नवऱ्यालाच टेबलावर बसवलं. दोघं मिळून बाराला घरी जातात आणि मग खिचडी टाकतात, ती नवऱ्याच्या मते सिस्टर टाकतात आणि सिस्टरांच्या मते नवराच टाकतो.

शिवाय बदली. सुनेचं बाळंतपण आलं, नातवंडाला पाळणाघर मिळेना, की फोन येतो आणि बाई सहा-आठ महिन्यांसाठी पुण्याला. याला आम्ही ‘पुण्याची बदली’ म्हणतो. ड्युटीच्या वहीत तसंच लिहितो. नात सांभाळणं काय किंवा टेबलावर बसणं काय, काम कामच आहे. पण बदलीवरून परत आलेल्या बाया म्हणतात की तिथं अकराव्या मजल्यावर बोलायला कोणी नसतं, इथं दवाखान्यात नुसतं ‘पुढं सरका’ म्हटलं तरी चार माणसं ऐकतात.

गेल्या हंगामात आम्ही दवाखान्याबाहेरही जायला लागलो, धारूरकडच्या एका वस्तीवर. ऊसतोडीला गेलेल्यांची लेकरं गावातच राहावीत, शाळा बुडू नये म्हणून सरकारची हंगामी वसतिगृहाची योजना आहे. पण वसतिगृह असो-नसो, लेकरांना रात्री जवळ घेऊन झोपते ती आजीच. आम्ही बीपीचं मशीन, साखर तपासायच्या पट्ट्या, वाचायच्या चष्म्यांची पिशवी असं सगळं घेऊन गेलो. एका घरापुढं सत्तरीच्या पलीकडची एक बाई शेंगा फोडत बसली होती. स्वतःची तीन नातवंडं आणि शेजारच्या घरातली दोन, अशी पाच लेकरं तिच्याकडं. शेजारच्यांची म्हातारी नव्हती म्हणून त्यांनी लेकरं हिच्या ओट्यावर सोडली आणि गेले, इतकं साधं. आम्ही बीपी बघू का विचारलं. ती म्हणाली, ‘बीपी ऱ्हाऊ द्या, फोन लावून देता का?’

घरात गेलो. मातीच्या भिंतीवर कोळशानं नंबर लिहिलेले होते, एकाखाली एक. शाळेतल्या नातवानं लिहिले असावेत. अक्षर मोठं आणि चढत गेलेलं. नावं नव्हती. पहिल्या नंबरापुढं कोयता काढलेला, तो लेक. दुसऱ्यापुढं बांगडी, ती लेक. तिसऱ्यापुढं नुसता गोल. तो मुकादम, असं तिनं सांगितलं, आणि गोल का ते सांगितलं नाही. लेकाच्या नंबरातला एक आकडा ओलीनं पुसट झाला होता, एक की सात ते कळेना. पोस्टमननी एक लावून पाहिला, तो लागला भलत्याच माणसाला, मग सात. पलीकडून उसाच्या पाचटाची सळसळ ऐकू आली. आजीनं जेवलास का विचारलं, पोरं ठीक हायत सांगितलं आणि लगेच फोन ठेवायला लावला, ‘तुमचे पैशे जातेत.’ आता फोनला तसे पैसे जात नाहीत हे तिला पटेना.

मग तिनं आम्हाला विचारलं, ‘तुमाला पगार किती हाय?’

‘पगार नाही मावशी.’

‘मग कामून यायलाव?’

आम्ही एकमेकांकडं बघितलं. मास्तर मंडळींकडं याची चांगली चार-पाच उत्तरं तयार असतात, पण त्या ओट्यावर एकही बाहेर पडेना. कंडक्टर म्हणाले, ‘घरी बसवत न्हाई, म्हणून.’

‘हां, मंग ठीक,’ असं म्हणून तिनं बीपीसाठी हात पुढं केला. बीपी १७० च्या वर निघालं.

त्यानंतर आम्ही बीपीच्या मशीनबरोबर पुठ्ठे न्यायला लागलो. जाड पुठ्ठ्यावर मार्करनं मोठे नंबर, शेजारी कोयता, बांगडी, दवाखान्याचं लाल चिन्ह, आमच्या टेबलाचा नंबर, वरून प्लास्टिक. भिंतीला खिळ्यानं ठोकून द्यायचं. वस्तीवर ते सगळ्यांना हवं असतं. चष्म्यांपेक्षा जास्त मागणी.

त्या बाईच्या प्रश्नानं मात्र एक विषय उघडा पाडला, आणि तो आमच्यात अजून धुमसतोय. आम्ही जे सगळे बिनपगारी म्हणून मिरवतो, ते महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पेन्शन घेणारे लोक आहोत. पेट्रोल आमच्या खिशातलं, चहा आमच्या खिशातला, कारण खिशात येतं. १ नोव्हेंबर २००५ नंतर सरकारी नोकरीत लागलेल्यांना आमच्यासारखी जुनी पेन्शन नाही. ते लोक निवृत्त होतील तेव्हा साठीनंतरही कुठंतरी हिशोब लिहायला, शिकवण्या घ्यायला, दुकानात बसायला जातील. दवाखान्यातल्या फुकटच्या टेबलावर का येतील? आणि ज्यांना कधीच पेन्शन नव्हती, ज्या बायका सत्तरीतही रोजानं खुरपायला जातात, त्यांना आम्ही काय तोंडानं ‘या, सेवा करा’ म्हणायचं?

हे बोलणं हवेतच राहिलं असतं, पण एक अंगणवाडी मदतनीस निवृत्त होऊन आमच्याकडं आली. आयुष्यभर मानधनावर काम केलेली बाई. लेकरं हाताळण्यात, बाळंतिणीशी बोलण्यात आमच्या कोणाहीपेक्षा तरबेज. प्रसूती वॉर्डाबाहेर तिला बसवलं तर दोन तासांत तिथला गोंगाट निम्मा झाला. तिनं पहिल्याच दिवशी सरळ विचारलं, ‘बाई, रिक्षाचं भाडं मिळंल का? जायला-यायला चाळीस लागतेत, घरात रोज मागता येत न्हाई.’

माझ्या मते उत्तर एकच होतं: मिळेल. पण बैठकीत गदारोळ झाला. कंपाउंडर काका, ज्यांच्याबद्दल वर एवढं चांगलं लिहिलं, ते सगळ्यांत कडवे निघाले. एकदा पैसे आले की सेवा संपली, उद्या प्रत्येक जण पावती आणेल, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, काका, तुमचं पेट्रोल पेन्शनमधून जातं, तिचं कशातून जाणार? साहेबांनी कधी नव्हे ते माझी बाजू घेतली आणि लगेच रकाने आखले: पेन्शनवाल्यांनी महिन्याला शंभर रुपये डब्यात टाकायचे, पेन्शन नसलेल्यांचं भाडं त्यातून. काकांनी शंभराची नोट टाकली, पण ‘रजिस्टरात माझं नाव लिहायचं नाही’ या अटीवर. सिस्टर म्हणाल्या, पालखीला पिठलं-भाकरीवर हजारो खर्च होतात तेव्हा कोणी पावती मागत नाही, आणि हिच्या चाळीस रुपयांवर आपण तासभर बोलतोय.

ती बाई आता मंगळवार आणि शुक्रवार येते. तिनं आणखी दोघींना आणलंय, एक आशाताई म्हणून काम केलेली आणि एक शाळेत खिचडी शिजवणारी. डब्यातले पैसे महिनाअखेरीला कमी पडतात. कंडक्टरांनी सगळ्या वस्त्यांचं रिक्षा आणि एसटीचं भाडेपत्रक मांडलंय आणि शंभराचे दीडशे करावेत असा प्रस्ताव ते पुढच्या बैठकीत ठेवणार आहेत. काकांचा विरोध धरूनच चाललोय आम्ही.